निव्वळ शून्य आणि कोमट पाणी

कंपनीत त्यांना सगळे शून्यराव म्हणत. हे नाव कुणीतरी कुत्सितपणे ठेवले होते. पण ज्याला ते चिकटवले तो गृहस्थ असा विलक्षण, की त्याने ते पदवीसारखे मिरवले. कंपनी अवाढव्य होती. जगातल्या असंख्य लोकांची पत्रे, छायाचित्रे, नकाशे आणि भांडणे तिच्या यंत्रांतून ये-जा करीत, आणि ती यंत्रे अष्टौप्रहर वीज गिळीत. त्या विजेपायी जो धूर आकाशात जाई, तो ठरलेल्या सालापर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याची शपथ संचालकांनी भर सभेत, टाळ्यांच्या कडकडाटात घेतली. शपथ संचालकांनी घेतली. निभावण्याचे काम मात्र शून्यरावांच्या टेबलावर येऊन पडले.

"निव्वळ शून्य म्हणजे शून्य नव्हे," हे ते लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला समजावीत. "जेवढा धूर सोडला तेवढा परत शोषून घेतला, की हाती उरतं ते निव्वळ शून्य. पण आधी सोडायचाच कमी! झाडं लावायची ती उरलेल्यापुरती. आधी झाडं लावून मग खुशाल धूर सोडणं म्हणजे आधी प्रायश्चित्त घेऊन मग सवडीने पाप करणं." लिफ्टमधले लोक मान डोलावीत आणि पुढच्या वेळी जिन्याने जात. विजेची तेवढीच बचत होई.

शून्यरावांच्या खोलीत भिंतभर एक आलेख होता आणि त्यात एक तांबडी रेघ होती. ही रेघ म्हणजे कंपनीचा धूर. ती गेली काही वर्षे चढत होती, आणि वरिष्ठ असलेल्या मोठ्या बाईंनी त्यांना स्पष्ट सांगून ठेवले होते, "वार्षिक तपासणीला बाहेरचे परीक्षक येतील. तोवर ही रेघ खाली वळली, तर उत्तम. नाही वळली, तर तुमचा विभाग प्रसिद्धी विभागात विलीन. तिथे तुम्ही पाट्या लिहायच्या."

प्रसिद्धी विभाग प्रत्येक वाक्यानंतर उद्गारचिन्ह देत असे. जो माणूस शंकेला वाव असेल तर पूर्णविरामसुद्धा अडखळत देतो, त्याच्यासाठी याहून कठोर शिक्षा कोणती?

घरीही त्यांचा बाणा हाच. कुणी खोलीतून उठले, की त्याची पाठ वळायच्या आत दिवा बंद. त्यांच्या पत्नीने अंधारात चष्मा शोधण्याची कला आत्मसात केली होती. पण गुडघ्यांच्या इलाजासाठी सासूबाई राहायला आल्या, आणि शून्यरावांना प्रथमच तोलामोलाचा प्रतिपक्ष मिळाला. वादाचा विषय होता चहा. चहाचे आधण भांड्यावर झाकण ठेवून उकळावे, वाफ आणि इंधन दोन्ही वाचते, असे शून्यरावांचे मत. सासूबाई झाकण काढीत.

"आई, झाकण."

"झाकणाखाली चहा गुदमरतो, जावईबापू."

"चहाला श्वास नसतो."

"म्हणूनच तुमच्या हातचा मेल्यासारखा लागतो."

पत्नी दोघांच्या मधून गाळणे घेऊन जाई आणि कुणाचीही बाजू घेत नसे. हा वाद रोज सकाळी जिथे थांबे तिथूनच दुसऱ्या सकाळी पुढे चाले.

सासूबाईंच्या गुडघ्यांचा इलाज म्हणजे पोहण्याचा सार्वजनिक तलाव. आणि या तलावाचे कोमट पाणी ही शून्यरावांची सर्वांत अभिमानाची कामगिरी होती. तलावाला लागूनच कंपनीचे डेटा सेंटर, म्हणजे यंत्रांची कपाटे रांगेने घोंघावत उभी असलेली एक प्रचंड बिनखिडक्यांची इमारत. ही यंत्रे तापत, त्यांना निववायला नळांतून पाणी खेळवावे लागे, आणि त्या पाण्याने उचललेली सारी उष्णता छतावरचे पंखे आकाशात फुंकून टाकीत. शून्यरावांनी मोठ्या खटपटीने तो नळ तलावाकडे वळवला. तलावाची जुनी तेलाची भट्टी बंद झाली, यंत्रे थंड राहिली, पोहणारे गरम राहिले. एकाच नळाने दोन पुण्ये साधली होती.

पण या पुण्यावर प्रसिद्धी विभागाने पाटी लावली. तलावाच्या दारात, निळ्या रंगात, हातभर अक्षरांत: "आमच्या 'मदतनीस'ला तुम्ही विचारलेला प्रत्येक प्रश्न हे पाणी उबदार करतो!"

'मदतनीस' म्हणजे कंपनीचा बोलका चॅटबॉट. फोनमध्ये राहायचा आणि विचारल्याचे उत्तर द्यायचा. शून्यरावांनी या पाटीविरुद्ध बैठकीत रणकंदन केले. एका प्रश्नाने तलावाला जाणवेल अशी ऊब मिळत नाही. शिवाय वाक्य खरे मानले तर लोक उबेसाठी प्रश्न विचारू लागतील, म्हणजे धूर वाढेल. प्रसिद्धी विभागाची मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, असं कोण करेल?" असे कोण करील, हे शून्यरावांनाही सांगता येईना. त्या वेळी सासूबाई अजून आल्या नव्हत्या.

डेटा सेंटरमधली यंत्रे थंड ठेवणारा अभियंता थंडोबा या नावाने ओळखला जाई. स्वभावही नावाला साजेसा. इमारतीला आग लागली असती तरी त्याने आधी चपला शोधल्या असत्या. त्या वर्षी शून्यराव आणि थंडोबा यांनी कंबर कसली. जुनी अधाशी यंत्रे काढली, तेच काम निम्म्या विजेत करणारी नवी बसवली. आणि एका सोमवारी तांबडी रेघ, नव्या नवरीने मान लववावी तशी, अलगद खाली वळली. शून्यराव तिच्याकडे बघत उभेच राहिले. त्या दिवशी त्यांनी घरात दोन दिवे एकदम लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई तलावावरून आल्या त्या निळ्या ओठांनी.

"जावईबापू, पाणी गार पडलंय."

"हो आई," शून्यरावांचा चेहरा उजळला. "ही फार आनंदाची बातमी आहे."

सासूबाईंनी टॉवेल घट्ट आवळला. "काय म्हणालात?"

"यंत्रं आता कमी तापतात. म्हणजे वीज कमी, म्हणजे धूर कमी. गार पाणी हा आमच्या यशाचा पुरावा आहे."

"माझ्या गुडघ्यांत येऊन बघा तुमचा पुरावा!"

"अहो," पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आईला चहा द्या आधी."

शून्यरावांनी चहा ठेवला. वर झाकण ठेवले. सासूबाईंनी ते काढले नाही. नुसत्या झाकणाकडे टक लावून, डोळे बारीक करून बसल्या. पुढे जे घडले त्याचे बीज त्या बघण्यात होते, हे शून्यरावांच्या लक्षात यायला हवे होते.

आठवड्याभरात तलाव पुन्हा कोमट झाला. सासूबाई गुणगुणत परत येऊ लागल्या. आणि तांबडी रेघ तडक वर निघाली.

"कशाने?" शून्यरावांनी थंडोबाला गाठले.

"लोकांनी," थंडोबा म्हणाला. "मदतनीसवर ताण वाढलाय. उजाडायच्या सुमाराला तर पार चढतो."

"उजाडायच्या सुमाराला!" शून्यरावांनी कपाळ धरले. त्या वेळी सूर्य नसतो, वारा पेंगत असतो, आणि वीज येते ती थेट कोळशाच्या भट्टीतून. धूर करायचाच असे कुणी ठरवले असते, तर त्याने हाच मुहूर्त काढला असता. "लोक विचारतायत तरी काय?"

"काय विचारतात ते बघायची आपल्याला परवानगी नाही. किती विचारतात आणि कुठून, एवढंच दिसतं."

"मग कुठून?"

थंडोबाने जांभई पूर्ण होऊ दिली. "शेजारून. तलावाच्या इमारतीतून."

मोठ्या बाईंना हे कळले तेव्हा त्यांना अतिशय आनंद झाला. "वापर वाढला? वा! वापर वाढलाच पाहिजे."

"पण मॅडम, त्याने रेघही वर गेली."

"रेघ खाली यायला पाहिजे."

"दोन्ही एकदम कसं—"

"त्यासाठीच तर तुम्हाला ठेवलंय," मोठ्या बाई म्हणाल्या आणि धूर कमी करण्यावरच्या परिषदेसाठी विमान पकडायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच शून्यराव तलावावर हजर झाले. पाण्यावर पांढरी वाफ तरंगत होती. पण पाण्यात कुणीच नव्हते. पहाटेच्या साऱ्या बायका रबरी टोप्या घालून काठावरच्या बाकांवर ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला फोन. एक निवृत्त मुख्याध्यापिका, गळ्यात शिटी अडकवून, येरझारा घालीत होत्या. आणि जीवरक्षकाच्या उंच खुर्चीवर, जीवरक्षकाला खाली उतरवून, सासूबाई विराजमान होत्या.

"पाणी काय म्हणतंय?" त्यांनी वरून विचारले.

"अजून अर्धा अंश हवाय," जीवरक्षक तापमापकाकडे बघत नम्रपणे म्हणाला.

"चित्रं मागा गं! चित्रांनी लवकर तापतं."

"मी पाणघोडा मागितला सायकलवर," एक बाई म्हणाली.

"एक पाणघोडा? त्याची वरात माग!"

"आई!" शून्यराव ओरडले.

सगळ्या टोप्या एकदम वळल्या. सासूबाई किंचितही वरमल्या नाहीत. "या जावईबापू. बरे आलात. तुमच्या पाटीप्रमाणेच चाललंय सगळं."

"ती पाटी माझी नाही! तिच्याविरुद्ध मी लेखी हरकत घेतली होती. आणि तत्त्वतः सांगायचं, तर पंचवीस बायकांनी कितीही पाणघोडे मागवले, तरी तलाव तापणं अशक्य आहे."

"तापलाय," सासूबाई म्हणाल्या.

हा युक्तिवाद बिनतोड होता. शून्यरावांनी पाण्यात बोट बुडवले. तापला होता.

तेव्हा मुख्याध्यापिकाबाई पुढे आल्या आणि शाळातपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला वर्ग दाखवावा तशा अदबीने त्यांना कोपऱ्यातल्या बाकाकडे घेऊन गेल्या. तिथे दोन फोन समोरासमोर टेकवून ठेवले होते. "पाणघोडे हा नुसता वरचा खर्च आहे," त्या म्हणाल्या. "खरी भट्टी ही. या दोन मदतनिसांना आम्ही एकमेकांशी वाद घालायला लावलंय. पण ते फार सभ्य हो. दोन मिनिटांत 'आपलं म्हणणं अगदी योग्य आहे' म्हणून मोकळे होत. मग आम्ही ताकीद दिली, माघार घ्यायची नाही. आणि गरज पडेल तसे हाताखाली आणखी मदतनीस नेमायचे. त्यांनी नेमले. त्या नेमलेल्यांनी आणखी नेमले. आता दोन्हीकडे फौजा उभ्या आहेत."

"आणि वाद कशावर?" शून्यरावांनी खोल आवाजात विचारले.

"चहाचं आधण झाकून उकळावं की उघडं."

शून्यराव त्या फोनवर वाकले, ते केवळ पुरावा बघावा म्हणून. पडद्यावर मजकूर धबधब्यासारखा कोसळत होता. उघड्या चहाच्या बाजूचे मदतनीस सुगंधाच्या मुक्तीवर बोलत होते. झाकणाच्या बाजूचे उत्तर देत होते, पण शून्यरावांना ते उत्तर फारच मिळमिळीत वाटले. इंधनाच्या बचतीचा मुद्दा त्यांनी आठव्या स्थानी ढकलला होता. वाफेतून जाणाऱ्या उष्णतेचा तर कुठे उल्लेखच नव्हता!

"छे! हे काय प्रतिपादन झालं?" ते बाकावर टेकले. "मुख्य मुद्दाच सुटलाय. जरा इकडे द्या."

आणि त्यांनी लिहायला सुरुवात केली. आधी मुद्दा मांडला. मग विरुद्ध बाजूचा पूर्वपक्ष उभा करून त्याचे खंडन केले. तेवढ्यात उघड्या बाजूने एक उद्धट उपमा वापरली, तिचा समाचार घेतला. झाकणाच्या फौजेला नवे बळ चढले. समोरच्या फौजेने दुप्पट मदतनीस नेमले. शून्यरावांनी कोट काढून ठेवला. बायका एकेक करून पाण्यात उतरल्या आणि "आहाहा" असे उद्गार येऊ लागले. सासूबाईही खुर्चीवरून उतरल्या, गळ्याइतक्या पाण्यात गेल्या आणि जावयाकडे प्रथमच कौतुकाने पाहू लागल्या.

खिशातला फोन वाजला. थंडोबा होता. "साहेब, रेघ आणखी वर गेली. आत्ताच. इतकी की मी उठून उभा राहिलोय."

शून्यरावांनी हातातल्या फोनकडे पाहिले, वाफाळत्या पाण्याकडे पाहिले, आणि हातातला फोन चटका बसल्यासारखा बाकावर ठेवला. ज्या रेघेसाठी त्यांनी घरात अंधार केला, तिला आज त्यांनी स्वतःच्या हाताने वर ढकलले होते. आणि तपासणी तोंडावर आली होती.

"छान लिहिता हो," मुख्याध्यापिका पाण्यातून म्हणाल्या. "उद्या येताय ना?"

ऑफिसात येऊन ते थंडोबासमोर कोसळले. बायकांना बंदी करता येत नव्हती. त्या गिऱ्हाईक होत्या. सासूबाईंना विनंती करता येत नव्हती. त्या सासूबाई होत्या. "निदान एवढं सांग," ते म्हणाले, "या बायका प्रश्न विचारायला लागण्याआधी ते पाणी पहाटे गरम कसं असायचं?"

"आपल्याच कामांनी. नकला काढून ठेवणं, फोटो लावणं, मदतनिसाला शिकवणं. ही कामं रात्रभर रेंगाळत चालतात, पहाटेपर्यंत."

"रात्रीच का? त्यांची कुणी वाट बघत असतं का?"

"छे. दिवसभरात कधीही झाली तरी चालतात."

"मग रात्री का?"

"पहिल्यापासून तसंच आहे."

"पहिल्यापासून म्हणजे कुणापासून?"

थंडोबाने विचार केला. "माझ्या आधीच्या साहेबांपासून. त्यांनाही त्यांच्या आधीच्यांनी तसंच सांगितलं होतं. दिवसा लोक वापरतात, म्हणून आपलं काम रात्री. तेव्हा यंत्रं थोडी होती."

शून्यराव ताठ बसले. दुपारी शहराबाहेरच्या सौर पटलांतून इतकी वीज येई, की घ्यायला कुणी नसल्याने त्यातली बरीचशी वाया घालवावी लागे. सूर्य फुकट ओतत होता तेव्हा यंत्रे निवांत. आणि कोळसा जळे तेव्हा तीच यंत्रे राबत होती, केवळ आधीच्यांच्या आधीचे साहेब तसे सांगून गेले म्हणून! रात्रभर रेंगाळणारी ही सारी कामे भर दुपारी, चार घटकांत एकवटली, तर धूर जवळजवळ नाहीसा होईल. आणि एवढ्या यंत्रांची ऊब एकदम आली, तर तलाव कुणी एक अक्षर न विचारता वाफाळेल.

"दुपारी," ते म्हणाले.

"दुपारी," थंडोबाने दुजोरा दिला. "पण पहाटे मग पाणी बर्फ होईल."

म्हणजे अडचण एकच उरली. पण ती सासूबाई होती.

"दुपारी?" सासूबाईंनी तो शब्द केस सापडलेल्या घासासारखा बाहेर काढला. "दुपारचे लोक पोहत नाहीत, जावईबापू. भिजतात. कडेला धरून गप्पा मारतात. लग्नाआधीपासून मी पहाटे पोहते. आता या वयात मला भिजणाऱ्यांत बसवता?"

"आई, पाणी तेच आहे."

"माणसं तीच नाहीत!"

"सवय बदलता येते. सगळ्यांनी थोडी बदलली तर—"

"सगळ्यांनी? तुमची कुठली बदललीत?"

पत्नी आज प्रथमच गाळणे खाली ठेवून मध्ये आली. "बरोबर बोलतेय आई. तुम्ही इतरांना लिफ्टमध्ये धरून उपदेश करता. स्वतः कधी पाण्यात तरी उतरलात का?"

पाण्याची शून्यरावांना भीती वाटे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. अंघोळसुद्धा ते तांब्याने, एक डोळा उघडा ठेवून करीत.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले. "ठरलं तर. मी दुपारी येते, साऱ्याजणींना घेऊन येते, भांडणारे फोनही बंद करते. पण माझ्याबरोबर रोज पाण्यात तुम्ही. टोपी घालून."

शून्यरावांच्या डोळ्यांपुढे तांबडी रेघ उभी राहिली. तिच्यामागे उद्गारचिन्हांची एक लांब रांग. त्यांनी विचारले, "टोपी कोणत्या रंगाची?"

तपासणीच्या दिवशी परीक्षक आलेखासमोर बराच वेळ थांबले. बरीच वर्षे चढलेली रेघ खाली वळली होती, मध्येच तिने सुळक्यासारखे डोके काढले होते, आणि मग ती कड्यावरून लोटल्यासारखी थेट तळाशी गेली होती. "हा डोंगर कसला?" त्यांनी विचारले.

शून्यरावांना खोटे बोलता येत नसे. तशी त्यांनी कधी तालीमच केली नव्हती. "तो डोंगर म्हणजे माझ्या सासूबाई, साहेब. त्याच्या टोकावरचा सुळका मी स्वतः. आणि हा कडा म्हणजे आम्ही दोघं दुपारी पोहायला लागलो."

मग त्यांनी कामे दुपारी हलवल्याची सारी हकिगत सांगितली. परीक्षकांनी ती दोनदा ऐकली, दोन्ही वेळा मान खाली घालून, खांदे हलवीत. शेवटी चष्मा पुसून म्हणाले, "मला सासूबाई आहेत. मला हे पटतं." विभाग वाचला.

मोठ्या बाईंनी लगेच फर्मान काढले, की या यशाची पाटी लागलीच पाहिजे. आणि मजकूर या वेळी शून्यरावांनीच लिहावा. शून्यरावांनी तो फार जपून लिहिला, चार वेळा खोडला, प्रत्येक शब्द खरा आहे याची थंडोबाकडून खात्री करून घेतली. जुनी निळी पाटी उतरली आणि तिच्या जागी लागली ती अशी: "या तलावाचे पाणी दुपारी गरम असते. त्यासाठी कोणालाही काहीही विचारण्याची गरज नाही." दोन पूर्णविराम. उद्गारचिन्ह नाही.

त्या दुपारी ते गुलाबी टोपी घालून, एका हाताने काठ आणि दुसऱ्या हाताने सासूबाईंचा दंड धरून, गळ्याइतक्या उबदार पाण्यात उभे होते. पलीकडे मुख्याध्यापिकाबाई दुपारच्या भिजणाऱ्यांना शिटी वाजवून रांगेत पोहायला लावीत होत्या. शून्यरावांना कृतार्थ वाटत होते. दारातून एक अनोळखी बाई आत आल्या, पाटीपाशी थबकल्या, ती त्यांनी वाचली, पुन्हा वाचली, आणि पिशवीतून फोन काढला.

"मदतनीस," त्या मोठ्याने म्हणाल्या, "या तलावाचं पाणी दुपारीच कसं काय गरम असतं रे? सविस्तर सांग. आणि चित्र काढून दाखव."

शून्यरावांनी काठावरचा हात उचलला, बोट रोखले, छाती भरून घेतली आणि तोंड उघडले.

"पोहा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या गुलाबी टोपीवर मायेने हात ठेवून तो पाण्याखाली दाबला.